मुठीतला थर्मामीटर

आप्पा, आज एक बाई तापलेलं पोर कडेवर घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, जरा तुमचा हात फिरवा ह्याच्यावरनं." मी शाळेच्या पायरीवर उभी होते. मी डॉक्टर नाही, भगत तर नाहीच नाही. मी विशेष शिक्षिका. ज्या मुलांचं वर्गात कुणाशी पटत नाही, जी मारतात, चावतात, बाकावर डोकं आपटतात, त्यांच्यासाठी शहापूर-मुरबाडच्या शाळांतून फिरणारी. असली काही नोकरी असते हे तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात कुणाला माहीतही नव्हतं. त्या बाईला माझ्याकडे यावंसं वाटलं ह्यात तिची काही चूक नाही, चूक माझी आहे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. आल्यापासून दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला.

मी दुसरीत असेन. खर्डीचं आपलं घर. कुणाच्या तरी लग्नाहून आल्यापासून मी किरकिर करत होते, जेवत नव्हते, आणि तुम्ही वाशिंदच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले. आईने मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, मला पाटावर बसवलं आणि माझ्यावरून हात फिरवायला लागली. तिचा हात कानाजवळून जातो तेव्हा बांगड्या वाजतात, मला ते आवडतंय, डोळे जड होतायत. मग तिने मूठ चुलीत टाकली आणि नेमके तेव्हाच तुम्ही दारात, हातात डब्याची पिशवी. पहिला ठसका तुम्हालाच लागला. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर एक वेळ परवडलं असतं. "त्या मिरच्या भायेर काढ," एवढंच म्हणालात, आणि आईने अर्धवट जळलेल्या मिरच्या चिमट्याने एकेक करून राखेतून काढून तुमच्यापुढे ठेवल्या. तिने मान वर केली नाही. मग मला ओट्यावर नेऊन तुम्ही तुमच्या धाकट्या बहिणीचं सांगितलंत. ती तेव्हा माझ्याएवढीच होती. तापली, तर भगताने तीन दिवस अंगारा लावला, कोंबडं घेतलं, आणि चौथ्या दिवशी बैलगाडीत घालून शहापूरला दवाखान्यात न्यायला निघाले तर ती वाटेतच गेली. "हात फिरवून ताप उतरत असता, तर दवाखाने कशाला बांधले असते?" तुम्ही म्हणालात. "आपन बौद्ध झालो ते नुसतं नाव बदलायला नाय झालो." त्याच आठवड्यात तुम्ही कल्याणहून मला थर्मामीटर आणून दिलात, निळ्या प्लॅस्टिकच्या नळीत घातलेला. बाकीच्या पोरींना बाहुल्या आणि मला थर्मामीटर. मी रुसले होते. "मोजलं की भीती कमी व्हते," असं म्हणाला होतात. तो अजून माझ्या पिशवीत असतो, पारा व्यवस्थित चढतो-उतरतो.

मोजायची खोड मला तेव्हा लागली ती लागलीच. ह्या कामात तर त्यावाचून भागतच नाही. मूल कधी बिथरतं, त्याच्या आधी काय झालं, किती वेळ चाललं, सगळं वहीत मांडायचं. मुरबाडकडच्या एका शाळेत अशी एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि ही आजीजवळ राहते. ह्या वर्षी ते तिला न सांगता गेले, ती शाळेत असताना, उगाच रडारड नको म्हणून. तेव्हापासून पोर हाताबाहेर गेली. पुस्तकं फाडायची, जवळ येईल त्याला चावायची, आवरायला गेलं तर जमिनीवर डोकं आपटायची. मुख्याध्यापक वाईट माणूस नाही, दमलेला माणूस आहे, दोन खोल्यांत चार वर्ग सांभाळणारा. मला म्हणाले, "बाई, आमी पण माणसंच आहोत. परीक्षेपर्यंत फरक पडला नाय तर तिला घरीच राहू दे. नाव पटावर ठेवतो मी." नाव पटावर आणि पोर घरात. ह्या वाक्याची मला भयंकर चीड आहे. अशी घरी बसवलेली मुलं मी पाहिलीत. डोळखांबकडच्या एकीला तर तिची आई ओढणीने खांबाला बांधून मजुरीला जायची, दुसरं करणार काय बिचारी. ह्या मुलीचं तसं होऊ द्यायचं नाही म्हणून मी हट्टालाच पेटले.

तिची आजी रोज तिला शाळेत सोडायला यायची आणि आत पाठवण्याआधी पायरीवर उभं करून तिची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, मिरच्या, सगळं साग्रसंगीत, सात वेळा, आणि मग ती मूठ थेट खिचडीच्या चुलीत. अख्खी शाळा प्रार्थना सोडून खोकत बसायची, मुख्याध्यापकांसकट. मी पहिले पंधरा दिवस काही बोलले नाही, नुसत्या वहीत खुणा करत गेले. सोळाव्या दिवशी मात्र माझ्या अंगात तुम्ही आलात. आजीला बाजूला घेतलं आणि तुमचंच वाक्य, दवाखान्याच्या जागी शाळा घालून, तिच्या तोंडावर फेकलं. म्हटलं, "हात फिरवून पोरं शहाणी होत असती, तर शाळा कशाला बांधल्या असत्या, आजी?" "तू शिकलेली हायस गो," म्हणाली, "तू म्हनतेस तर नाय करनार." मीठमिरची पदराच्या टोकाला बांधून ती गेली. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात तुम्हालाच सांगत होते, बघा आप्पा.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मुलगी आता सकाळी दारातच अंग टाकून द्यायला लागली. दहा दिवसांत तिने पहिलीतल्या एका मुलीच्या गालाचा चावा घेतला, रक्त आलं. शनिवारी त्या मुलीचा बाप, काका, शेजारी, अख्खा पाडा शाळेत हजर. मुख्याध्यापक माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारचा एक दिवस बघतो. मग नाय." मी एसटीत बसले. सरळगावच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा हाताला चाळा म्हणून वही उघडली. पहिल्या पंधरा दिवसांच्या खुणा सगळ्या दुपारच्या, खिचडीनंतरच्या. सकाळचा रकाना कोरा होता, एकही खूण नाही. आणि मी आजीला गप्प केलं त्या दिवसापासून सकाळचा रकाना काळा झालेला. वही माझी, अक्षर माझं, आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी सगळा वेळ दुपारचंच कारण शोधत होते. तुम्ही शिकवलंत तसंच मोजलं, आप्पा, आणि माप तुमच्याच विरुद्ध गेलं. माझा चेहरा बघून शेजारची बाई म्हणाली, "गाडी लागते का? खिडकीत बसा."

रविवारी मी आजीच्या घरी गेले. ती अंगणात नाचणी पाखडत होती. म्हटलं, आजी, तुम्ही दृष्ट कशी काढता ते मला दाखवा. ती बिचकली. "आता कशाला इचारतेस? मास्तरला सांगशील." नाही सांगत, म्हटलं, चुकलं माझं. तिने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि नातीला हाक मारली. मी दोन हात अंतरावर बसून बघते आहे. आजीने अजून मूठही उचललेली नाही, तोच मुलीने आपणहून डोळे मिटले. पहिल्या फेरीला खांदे खाली आले. तिसऱ्या-चौथ्या फेरीला श्वास लांब झाला. सातवी झाली तसे डोळे उघडून तिने विचारलं, "झालं?" आजी म्हणाली, "झालं. जा आता." आणि ती गेली, खेळायला, सरळ. त्यात मिठाचं काही नव्हतं, मिरचीचं नव्हतं, कुणाच्या वाईट नजरेचंही नव्हतं. तिच्या अख्ख्या दिवसात तेवढी एकच गोष्ट अशी होती की जी कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे तिला आधी माहीत असायचं. आई तर न सांगता गेली होती. आणि उरलेली ती एक गोष्ट मी, एवढी शिकलेली, काढून घेतली होती. मला तिथे अंगणातच रडू आलं. आजीने पाणी दिलं.

सोमवारी मी पायरीवर उभी राहिले. मीठमिरची घ्यायची नाही हे पक्कं होतं, तेवढी मी तुमची मुलगी आहे. रिकामी मूठ तिच्यावरून फिरवली. दुसऱ्याच फेरीला तिने माझा हात धरला, बोटं एकेक करून उघडली, आत काही नाही हे बघितलं आणि मनगटाला चावली. चुकलंच होतं माझं, कुणाला फसवायला निघाले होते मी? मग पिशवीत हात घातला तर तुमचा थर्मामीटर हाताला लागला. तिला निळी नळी दाखवली, हातात दिली, परत घेतली, मुठीत धरली, आणि एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजत सात वेळा फिरवली. तिने डोळे मिटले. खिडकीतून मुख्याध्यापक बघत होते. सातव्या फेरीला तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." ती आत जाऊन आपल्या जागेवर बसली आणि मी पायरीवरच बसले.

तेव्हापासून रोज, सकाळी आणि खिचडीनंतर. मी नसते तेव्हा मुख्याध्यापक लाकडी पट्टी फिरवतात, तेही सात मोजून. अहवालात मी लिहिलं, ‘ठरावीक क्रमाची, शांत करणारी कृती’. वरच्या साहेबांनी त्याखाली ‘छान’ असा शेरा मारला. ती काही एकदम गुणी झालेली नाही. काल परीक्षेचा पहिला पेपर होता, तो तिने अर्धा लिहिला आणि अर्धा फाडला. मुख्याध्यापकांनी दोन्ही तुकडे डिंकाने जोडून गठ्ठ्यात ठेवले आणि मला म्हणाले, "बसली ना पेपरला? मग झालं तर." घरी बसवायची भाषा आता ते काढत नाहीत. इथपर्यंतच असतं तर तुम्हाला पत्र लिहायची मला गरज पडली नसती.

पण आजीच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? ‘शाळेतली बाई पण दिष्ट काढते, काचेच्या कांडीनं काढते,’ हे पाड्यापाड्यावर गेलं. आणि आज ती बाई आली. पोराच्या काखेत थर्मामीटर लावला तर पारा एकशे चारला. शाळेपुढे जीप उभी होती, म्हटलं बस, मुरबाडला सरकारी दवाखान्यात चल. ती हलेना. "आदी हात फिरवा ना बाई, मंग जाऊ." मी समजावलं, तुमच्या बहिणीचं सांगितलं, चिडले, हाताला धरून ओढलं. ती जागची हलली नाही. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, पोराची मान कलत चालली होती. मग मी फिरवला, आप्पा. तुमचा थर्मामीटर, तापलेल्या पोरावरून, सात वेळा, भराभरा. ती मुकाट जीपमध्ये चढली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. सलाईन लावलं, मी निघेपर्यंत पोराने डोळे उघडले होते. पण त्या बाईने दवाखान्यात पाया पडावं कुणाच्या? माझ्या. उद्या आणखी एखादी येईल, माझी वाट बघत पायरीवर बसून राहील, आणि मी नेमकी शहापूरला असेन. तुमची बहीण अशीच गेली ना? हे मला सुचू नये? सकाळी त्या पाड्यावर जाऊन घरोघर सांगणार आहे, ताप आला तर आधी जीप. ऐकतील का ते माहीत नाही.

आणि एक राहिलं. तुमच्या शेवटच्या आजारात, कल्याणच्या दवाखान्यात, आई रुमालात मीठमिरची बांधून घेऊन आली होती. "नर्स येते का बघ," म्हणाली आणि मला दारात उभं केलं. मी पाठ करून उभी होते, पण दाराच्या काचेत सगळं दिसत होतं. तुम्ही झोपला नव्हतात. नुसते डोळे मिटले होते. सात फेऱ्या झाल्यावर तुम्ही डोळे उघडलेत आणि आईला विचारलंत, "झालं?" ती म्हणाली, "झालं." तुम्ही कुशीवर वळलात. ते तिच्यासाठी होतं की तुमच्यासाठी, मला कळलं नाही, आणि विचारायला तुम्ही राहिला नाहीत. आईनेही ते कधी कुणाला सांगितलं नाही. हे पत्र त्याच वहीत ठेवून देते, सकाळच्या रकान्याच्या पानात. त्या आजीला मी तुमचं वाक्य ऐकवलं ना, तेव्हा तुमचं ते "झालं?" मला अगदी स्पष्ट आठवत होतं.