माधुरीचे देव अजून ट्रॉयमध्येच

१२ जाने., रविवार

बर्फ. श्रीने ड्राइव्हवे साफ केला, आत आला आणि बूट न काढता जाहीर केलं, "हा आपला शेवटचा हिवाळा." दरवर्षी म्हणतो. यंदा फरक एवढाच की डिसेंबरात कंपनीने त्याला मुदतीआधीच सन्मानाने घरी पाठवलंय. त्यामुळे दिवसभर श्री घरात, आणि श्रीच्या फोनमध्ये अवि.

अवि, माझ्या मैत्रिणीचा, माधुरीचा नवरा. इतकी वर्षं इथे ट्रॉयला, आमच्या मागच्या रस्त्यावर राहिले, मग घर विकून कोस्टा रिकाला गेले. तेव्हापासून तो आम्हाला व्हॉइस मेसेजवर सल्ले देतो. आजचा: "वहिनी, येताना कुकरच्या रिंगा भरपूर आणा. इथे सगळं मिळतं, तेवढ्या मिळत नाहीत."

येताना? कोण येतंय?

१८ जाने., शनि.

सल्ले चालू. तिथे म्हणे घरांना नंबर नसतात. अविचा पत्ता: चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग अंजिराच्या झाडापाशी डावीकडे. झाड कधीच पडलंय, पण पत्त्यात उभं आहे. श्री विरघळला. "अगदी आमच्या गावासारखं गं!" ज्या गावातून हा सतराव्या वर्षी पळाला, तेच.

शिवाय: गरम पाण्याचा हीटर शॉवरच्या तोंडातच असतो, वायरीसकट. "ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही, बाकी काही भीती नाही." आंघोळीला गेलेल्या माणसाचे हात कोरडे कधी असतात ते अविने सांगितलेलं नाही.

मला वाटतं प्लॉटचं कमिशन खातोय.

२ फेब्रु., रवि.

अविला फोनवर सरळ विचारलं. "काय हो, प्लॉट-बिट विकायला लागलात की काय?"

पोट धरून हसला. "अहो वहिनी, उलट सांगतो. आल्या आल्या काही म्हणजे काही विकत घेऊ नका. भाड्याने राहा. एक पावसाळा काढा, मग बोला."

कमिशनवाला असं बोलत नाही. म्हणजे संशय गेला म्हणावं, तर तो दुप्पट झाला. कमिशन नाही तर मग हा आम्हाला इतक्या प्रेमाने का बोलावतोय? वीस वर्षांत याने स्वतःहून एकदा जेवायला बोलावलं असेल तर शपथ. बोलावणारी माधुरी.

"माधुरी कुठंय?"

"बाजारात गेलीय."

मागच्या वेळी आंघोळीला गेली होती. त्याआधी झोपली होती. ही बाई एकतर फार स्वच्छ आहे, नाहीतर

नंतर. पूजा करताना सुचलं. माझ्या देव्हाऱ्यात सध्या दोन अन्नपूर्णा, दोन बाळकृष्ण. एक जोडी माझी, एक माधुरीची, दोन्ही लग्नात माहेराहून आलेल्या. जाताना ती तिचे देव स्टीलच्या डब्यात घालून घेऊन आली होती. "शुभा, आधी घर लागू दे, मग नेते." एका स्वयंपाकघरात दोन बायका नांदत नाहीत म्हणतात. या दोघी बिनतक्रार नांदताहेत.

पण घर लागलं की. पडद्यांचेसुद्धा फोटो आले. मग देव का नाही मागवले?

२३ फेब्रु.

अविने पाठवलेले सगळे फोटो खाली बसून बघितले. समुद्र, पपई, टूकन पक्षी, हॅमॉकमध्ये अवि, शनिवारच्या बाजारात ढीगभर अळकुड्या. सगळे डिसेंबर ते एप्रिल. जून ते नोव्हेंबर एकही फोटो नाही. तिथे पाऊस असतो तेव्हा.

ईशाला फोन केला. ती रेडमंडला, वर्षातले आठ महिने पावसातच असते, तिला काय त्याचं. "आई, यू आर बीइंग सो पॅरानॉइड. लेट बाबा बी हॅपी." 

बाबा बी हॅपी. आई बी पॅकिंग.

९ मार्च, रवि.

उन्हाळ्याची वेळ सुरू, घड्याळं तासभर पुढे. अविचा मेसेज तयार: "इथे ही भानगड नाही. बारा महिने तेच घड्याळ." काय पण पुण्य.

आज भांडलो. नीट, मुद्देसूद. श्रीचं म्हणणं: पासष्ट होईपर्यंत इथला हेल्थ इन्शुरन्स परवडणार नाही, तिथे रेसिडेन्सी मिळाली की सरकारी दवाखाना. खोटं नाही. मग हळूच म्हणाला, "इथे मी सकाळी उठतो आणि मला कोणाचाच फोन येत नाही गं."

माझं म्हणणं: जायचं तर घर भाड्याने देऊन जाऊ. त्याचं: विकल्याशिवाय जमत नाही, हिशेब केलाय. एकदा विकलं की ट्रॉयला परतायला जागा नाही. भिंती याच, ईशाची उंची मोजलेली चौकट हीच. घर विकायला काढायचा रिअल्टरचा करार टेबलावर आहे. त्याची सही झाली, माझी नाही.

शेवटी म्हटलं, "माधुरी ज्या दिवशी देव नेईल, त्या दिवशी सही करते."

"अगं, देवांवर काय टाकतेस?"

"देवांवर नाही. बाईवर टाकतेय. घर लागलेली बाई देव दुसरीकडे ठेवत नाही."

२३ मार्च

माधुरी येतेय! एकटी. दात दुखतोय म्हणे, इथल्या जुन्या डेंटिस्टलाच दाखवायचाय.

तिथले दात उत्तम आणि स्वस्त, हे अविचे शब्द. लोक विमानाने दात करायला तिथे जातात, हेही त्याचेच. आणि बायको विमानाने ट्रॉयला.

श्री कमालीचा शांत. फार शांत. "तू अविला काही बोललास?" "मी कशाला बोलू?" कानांच्या पाळ्या लाल. 

३० मार्च, पाडवा

गुढी डेकवर. वाऱ्याने तांब्या उडू नये म्हणून श्रीने डक्ट टेप लावली. 

माधुरी आली. रापलीय, वाळलीय, केस कापलेत. दारातच मिठी, मग सरळ देव्हाऱ्याकडे. हात जोडले. उचलले नाहीत.

दुखऱ्या दाताने तीन चकल्या खाल्ल्या.

२ एप्रिल

डेंटिस्टचं नाव नाही. मीही काढलं नाही. पोळ्या करता करता तिचे सल्ले ऐकले. अविच्या सल्ल्यांना पुरवणी म्हणता येईल.

कपाटात बारीक बल्ब रात्रंदिवस जळता ठेव, नाहीतर बुरशी. तिची लग्नातली पैठणी गेली. हिंगाची डबीसुद्धा फ्रीजमध्ये. गाडी चालवायची सोडू नकोस. "मी सोडली गं. डोंगरातले रस्ते बघितले आणि किल्ली याच्या हातात दिली. मग अवि नेईल तिथे जायचं, तो आणेल ते शिजवायचं. शेवटी बस शिकले. आता ड्रायव्हर ओळखतो, माझ्या फाट्यावर हॉर्न देतो."

आणि शेजारणीचं. पहिल्या आठवड्यात शेजारच्या मार्ताने ताटलीभर खाऊ आणून दिला. ताटली रिकामी कशी परत करायची, म्हणून माधुरीने बेसनाचे लाडू दिले. मार्तालाही रिकामी ताटली चालेना. मक्याच्या पिठाचे, डुकराच्या चरबीतले तमाले आले. अविने खाल्ले, माधुरीने शंकरपाळे दिले. "तेव्हापासून ती ताटली कोणाची आहे हेच आम्ही विसरलोय. मला पाच शब्द येतात तिच्या भाषेतले. त्यातला एक साखर."

हसत होती. मग पोळी तव्यावर तशीच. "पावसाळ्यात अवि आणि मी काय बोललो असू? दुपारी एक वाजता पाऊस जो सुरू व्हायचा... दिवसभरात अविचा आवाज यायचा तो तुम्हाला मेसेज पाठवताना. मी आतून ऐकायचे. मला कळायचं, आज वीज किती वेळ नव्हती, डास कुठून येतात. मलाही तुमच्याबरोबरच कळायचं."

पोळी करपली.

४ एप्रिल

आज स्वतःच म्हणाली. "शुभा, दाताचं खोटं आहे. मला देव न्यायला पाठवलंय."

"ठाऊक आहे."

"श्रीकांतने अविला सांगितलं तुझी अट. तो म्हणाला, जा, घेऊन ये, मग ते येतील."

एवढे दिवस मी ज्याच्यावर डूख धरून होते, तो कमिशनही खात नव्हता, फसवतही नव्हता. त्याला फक्त बोलायला माणूस हवं होतं. हे कळल्यावर राग जायला हवा. गेलेला नाही. एवढं बोलायचं होतं तर घरात बाई होती.

"मग नेणारेस का?"

"तेच ठरत नाहीये. तू यावंस असं मला किती वाटतं तुला सांगू? म्हणूनच नेऊ नयेत असं वाटतंय."

श्रीशी मी दिवसभर बोलले नाही. त्याने चारदा चहा करून दिला. चारही प्यायले.

६ एप्रिल, रवि.

सकाळी तिला एअरपोर्टला सोडलं. निघण्याआधी देव्हाऱ्यासमोर बराच वेळ उभी. मग बाळकृष्ण उचलला, रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला. अन्नपूर्णा तिथेच.

"ही?"

"राहू दे. तुझ्या घरचा वरणभात अंगी लागलाय तिच्या."

"माधुरी, अर्धे देव कोण नेतं?"

"अर्धं घर लागलंय, अर्धे नेते." आणि डोळा मिचकावला. टवळी. 

डबा विसरली. की ठेवून गेली, कोण जाणे.

परतताना गाडीत, सिग्नलला थांबल्यावर श्री म्हणाला, "म्हणजे ते हो धरायचं की नाही?"

"सिग्नल हिरवा झालाय," मी म्हटलं. मागचा हॉर्न देत होता.

७ एप्रिल

रिअल्टर बाई येऊन गेली. सही नसली तरी फोटो काढून ठेवू म्हणाली, उद्या फोटोग्राफर येतोय, वसंत ऋतूत घरं पटापट जातात. घरभर फिरली. भिंतीवरचे आमचे फोटो काढा. मसाल्यांचे डबे आत. देव्हाऱ्यापाशी थांबली, फार आदराने म्हणाली, हे सुंदर आहे, पण खरेदीदाराला इथे आपलं स्वतःचं घर दिसलं पाहिजे. दोन दिवस हलवता येईल का?

ती गेल्यावर मी देव्हाऱ्यासमोर बसले. दोन अन्नपूर्णा, एक बाळकृष्ण. 

श्री माधुरीचा स्टीलचा डबा धुऊन घेऊन आला. दारात उभा. "यात मावतील?"

मी झाकण उघडून आत बोट फिरवलं.

"ओला आहे," म्हटलं. "आधी नीट कोरडा कर."

अजून पुसतोय.