कबरी गाय थोरल्यालाच

मी, या गोठ्याची मालकीण, वय एकाहत्तर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दूध संस्थेच्या सभांत माझी भाषणे ऐकून ज्यांना माझ्या डोक्याविषयी शंका आली, त्यांच्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. भिंत घालायचीच झाली तर मी गेल्यावर घाला, आवाज सहन होत नाही.

गोठा, दहा निरोगी गायी आणि धार काढायचे यंत्र धाकट्या सुनेला. धाकट्याला नाही, त्याला गाय भाकड आहे की गाभण, हे बायकोला विचारावे लागते.

थोरला विचारेल, "आई, मी काय घोडं मारलं?" घोडे नाही रे बाळा, गाय. कास जरा गरम लागली की तू सुई घेऊन हजर. दूध तपासायचे नाही, जंतू कोणते ते विचारायचे नाही. दुधातल्या गाठी दिसेनाशा झाल्या की उपचार बंद, आणि सडात सोडायच्या उरलेल्या ट्यूबा फ्रीजमध्ये, अंड्यांशेजारी. "पुढच्या गायीला होतील!" केवढी ही काटकसर! लेचेपेचे जंतू मेले, तगडे उरले. तू गोठा नाही, जंतूंची तालीम चालवलीस.

माझे दीर औषधविक्रेते. दर खेपेला म्हणतात, "वहिनी, ते जुनं आता चालत नाही, याहून जालीम आणलंय." जुने का चालत नाही, हे त्यांनी कधी विचारले नाही. त्यांना मी माझे प्रतिजैविकांवरचे भाषण देते. गिऱ्हाईक नसताना मोठ्याने वाचावे.

आता कबरी. तिला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली; कास खरोखर दगडासारखी. प्रयोगशाळेने तिच्या दुधातल्या जंतूंवर औषधे लावून पाहिली. एकही लागू पडले नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मावशी, हिला बाकीच्यांपासून तोडा." थोरला म्हणाला, "बाजारात काढतो. आदल्या दिवशी सूज उतरायची सुई मारली की घेणाऱ्याला काय कळतंय?" म्हणजे आपला रोग दुसऱ्याच्या गोठ्यात, वर पावतीसह!

म्हणून कबरी थोरल्यालाच. ती विकायची नाही, कोणाला द्यायची नाही. वेगळी बांधायची, धार स्वतःच्या हाताने काढायची आणि दूध खड्ड्यात ओतायचे. अट मोडली तर घराचा त्याचा हिस्साही धाकट्या सुनेकडे जाईल.

कबरी गेल्यावर त्याला गोठ्यात पुन्हा काम करायचे असेल, तर त्याने सुनेला विचारावे. घ्यायचे की नाही ते तिने ठरवावे. थोरला तिचा मोठा दीर, त्याला उलट बोलायला ती संकोचते. सूनबाई, ही माझी लेखी परवानगी समज. तो दारात आला की एवढेच म्हण : "भाऊजी, आधी हात धुवा."

वाचून, समजून सही केली.
मालकीण

साक्षीदार :
१. जनावरांचे डॉक्टर (सही)
२. दूध केंद्रावरच्या तपासनीस बाई (सही)

दीरही साक्षीला आले होते. मजकूर वाचल्यावर त्यांना दुकान आठवले.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : १४ जून, सकाळची धार झाल्यावर