शिंगांखालचा फोटो

आई,
पोस्टर छापायला द्यायला वडशाला जाते आहे, संध्याकाळपर्यंत येईन. भात झाकून ठेवला आहे.

बाबा गेल्यापासून तुम्ही एकही फोटो काढू दिला नव्हता. मुलांच्या परीनाटकाच्या पोस्टरला राक्षसीण मिळेना, तेव्हा "मले बसव ना वं, सुनेले सासू तशीच दिसते," म्हणत तुम्ही कवळी काढून बसलात. मी कॉम्प्युटरवर शिंगं, सुळे आणि हिरवा रंग चढवला. हसू तुमचंच आहे. तुमचे आभार कसे मानू?

रात्री एका प्रतीवरून ते सगळं पुन्हा उतरवलं आणि उरलेला फोटो छापला. आरशापाशी ठेवला आहे, बघा. तो बाबांच्या शेजारी लावू नका, तिथे हार असतो. हा माझ्या टेबलावर राहील.

नूतन