मनात येईल ते मोठ्याने

६ मार्च, गुरुवार
आज हातातलं फडकं काढून घेतलं आणि मला खुर्चीत बसवलं! ऑफिसातली चष्मेवाली म्हणाली, "मावशी, दवाखान्यात नंबर लावायची वेबसाइट बनवलीय. तुम्ही लावून बघा. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. परीक्षा तुमची नाही, वेबसाइटची."
म्हटलं, मी चौथी पास. म्हणाली, "म्हणूनच तर!"
मग काय, सुटले. बटण कुठे लपवलंय, ढेकणासारखं? अक्षरं मुंगीएवढी. जन्मतारीख कशाला — लग्न जमवताय माझं? काचेपलीकडे तिघं बसून लिहून घेत होते. माझं बोलणं! हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून एवढं कुणी ऐकलं नव्हतं.
नंबर काही लागला नाही.

७ मार्च
दिवसभरात एकच वाक्य कानावर आलं. "मावशी, इथं चहा सांडलाय."

१३ मार्च, गुरुवार
पुन्हा बसवलं. बटण मोठं केलंय — मी सांगितलं म्हणून! पण डॉक्टर निवडताना अडले. चष्मेवाली सांगेल तर शपथ. विचारलं की उलट मलाच, "तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं, वाटतं की तुला एक ठेवून द्यावी. काचेपलीकडचे हसले.
नंबर दोनदा चुकला. अशा ढ बाईला किती दिवस बोलावतील?

१४ मार्च
कॅलेंडरच्या पाठीवर वेबसाइटचं ते पान काढलं, आठवेल तसं. चौकोन, बटणं, सगळं. एकेकावर बोट ठेवायचं आणि मोठ्याने बोलत जायचं, तिथल्यासारखं. कामावरून आले की रोज हेच करणार.

१९ मार्च
तोंडपाठ! उद्या बघाच म्हणावं.

२० मार्च, गुरुवार
एका दमात लावला नंबर. दोन मिनिटांत! वाटलं, टाळ्या वाजवतील. चष्मेवालीचं तोंड एवढंसं. "मावशी, घरी सराव केलात?"
छाती काढून हो म्हटलं.
"अहो, तुम्ही कुठे अडता तेच तर बघायचं होतं. आता तुम्हाला सगळं येतं. पुढच्या वेळी नवीन माणूस लागेल."
जन्मात एकदा अभ्यास केला — आणि त्यानेच नापास!

२१ मार्च
कागद फाडला. घरात आले, जेवले, झोपले. तोंड उघडलं ते घास घालायला.

२७ मार्च, गुरुवार
माझ्या खुर्चीत कुरियरवाला. धड बोलतही नव्हता, मेला. मी बाहेरून काच पुसत होते. एकच काच, किती वेळ कोण जाणे.

२८ मार्च
संध्याकाळी दार वाजलं. शेजारच्या खोलीतली बाई. इतक्या वर्षांत जिन्यात नुसती मान हलवायची. म्हणाली, "आठ दिवस तुमचा आवाज नाही. बऱ्या आहात ना?"
मी गार! "तुम्हाला ऐकू यायचं?"
"सगळं. भिंत कसली, पुठ्ठा आहे नुसता. तुमचं सुरू झालं की मी टीव्ही बंद करायचे. कधीकधी उत्तरही द्यायचे — हळूच."
म्हटलं, बाहेर काय उभ्या? आत या. पाय पुसून.