चॉकलेटचं अनुपान

१२ फेब्रु. २००६, ब्रिस्टल
निखिल नोकरीवर, ब्रॅकनेलला गेला. आता शुक्रवारी उगवेल. घरात मी, त्याचे बाबा म्हणजे माझे सासरे, आणि माझा थीसिस. जुन्या काळचे युरोपातले डॉक्टर चॉकलेटबद्दल काय लिहीत होते, हा विषय. त्यांचं मोठं भांडण कशावरून? चॉकलेट उष्ण की थंड! सेमिनारमध्ये सगळे हसले. बाबा हसले नाहीत. जन्मभर नागपुरात वैद्यकी केलेला माणूस. "कोको कडू, म्हणजे थंड. त्यात मसाले घातले की उष्ण. यात भांडायचं काय?" माझं अर्धं चॅप्टर सुटलं.
बीपीची गोळी मात्र त्यांनी आजही बेसिनमध्ये टाकली. मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडले, तरी हट्ट तोच. म्हणे, माझा अर्जुनसालीचा काढा आहे.

१४ फेब्रु.
लायब्ररीत वाचलं, ते डॉक्टर कडू औषधं चॉकलेटात कालवून देत. म्हणजे आपलं अनुपानच की! बाबा मधातून चूर्ण द्यायचे तसं. डोक्यात किडा वळवळायला लागला. केमिस्टला फोन केला. "ही गोळी चुरता येते," बाई म्हणाली. "त्यांना माहीत आहे ना?"
येस म्हटलं. किती सहज.
संध्याकाळी बाबांना गरम चॉकलेटचा कप दिला. "वा, पोरी! मस्त दाट झालंय."

२० फेब्रु.
रोज चालू आहे. निखिलला सांगितलेलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. आज पुढे वाचलं: त्या काळी लोक चॉकलेटला भीतही होते, त्या चवीखाली विषसुद्धा लपतं म्हणून. पुस्तक मिटलं. मी औषध देतेय. तरी कप विसळताना... जाऊ दे. झोप नाही धड.

१० मार्च
दवाखान्यात नर्सनं बाबांचं बीपी मोजलं. उतरलंय! मला रडूच आलं. बाबा तर गड जिंकल्यासारखे. बसमध्ये अख्खा वेळ, "बघितलंस? काढा!" मी खिडकीबाहेर बघितलं.

११ मार्च
सकाळी खाली आले तर बाबा नागपूरला फोनवर. पलीकडे आक्का, त्यांची थोरली बहीण. बीपीच्या गोळ्यांवर आहेत त्या. "टाकून दे त्या गोळ्या, आक्का. काढा घे. जिवंत पुरावा बोलतोय."
"बाबा, काढ्यानं नाही उतरलेलं. गोळी मी देतेय. चॉकलेटातून."
बाबा माझ्याकडे वळले. मग फोनमध्ये, हळू आवाजात: "गोळ्या सोडू नकोस, आक्का. नंतर बोलतो."
मला एवढंच म्हणाले, "रोग्याला न सांगता मी कधी चिमूटभर सुंठही दिली नाही गं." आणि वर गेले.
दिवसभर माझ्या हातचं काही घेतलं नाही. आत्ता बाबा खाली आले, स्वतः पेला विसळला आणि नळाचं पाणी प्यायले. गोळी घेतली का? कोणत्या तोंडानं विचारू?