दसऱ्याचा काळा बॉल

मी, मालिनी दिलीप टिपणीस, वय बासष्ट, राहणार फेल्डहोवन, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि चहाचे घोट घेत लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. मी काळजी करत नाही, आवराआवर करते आहे.

१. इथले घर आणि बँकेतली शिल्लक यांची व्यवस्था नोतारिसकडच्या, म्हणजे इथल्या नोटरीकडच्या, डच मृत्युपत्रात केली आहे. हा कागद पुण्याच्या फ्लॅटपुरता आणि घरातल्या वस्तूंपुरता. फ्लॅट व माझे दागिने माझी मुलगी मृण्मयी हिला मिळावेत. सायकल जो पहिल्यांदा मागेल त्याला द्यावी, पण मागचा ब्रेक लागत नाही हे आधी सांगावे.

२. गॅरेजमधले पूल टेबल. बंद पडलेल्या एका कॅफेतून दिलीपने ते उचलून आणले तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. पुढे त्यावर मी आणि चित्राच खेळलो. चित्रा ही दिलीपची धाकटी बहीण, राहणार नायमेखन. दोघी नवऱ्यांच्या मागून या देशात आलो, दोघींना भाषेचा गंध नव्हता. शनिवारचा खेळ हाच आमचा आधार होता.

३. हे टेबल चित्राला द्यावे. ती दोन वर्षांहून अधिक काळ माझ्या दारात आलेली नाही, तरीही.

कारण असे. २००४च्या दसऱ्याला मी नेहमीप्रमाणे क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, आणि बॉलची पूजा केली. हळदकुंकू वाहिले, मग कोरड्या फडक्याने पुसले आणि आम्ही खेळायला लागलो. चित्राचा फक्त काळा बॉल उरला होता; तो पॉकेटात गेला की डाव तिचा. फटका तिच्या हातचा मळ. काळा पॉकेटच्या अलीकडे कडेला आपटला.

"तुझ्या टेबलावर कोण जिंकणार, वहिनी? कापड कुठे झिजलंय ते तुला पाठ आहे," ती म्हणाली.

"कापडाला कशाला नावं ठेवतेस? तुझा हात हलतोय," मी म्हणाले.

ती क्यू ठेवून निघून गेली. तेव्हापासून मला एकच प्रश्न छळतो आहे: कापड, बॉल की हात? मी नाना प्रयोग केले. पावसाळी हवेत कापड दमट होते आणि बॉल रेंगाळतो. झिजलेल्या पट्ट्यावरून हळू सोडलेला बॉल डावीकडे झुकतो. साबणाने धुतलेले बॉल एकमेकांना स्पर्शून लगेच सुटतात. कुंकवाची पूड राहिली तर क्षणभर चिकटतात आणि काळा वाट सोडतो. कधी सोडतो, कधी नाही. पण हे सारे माझ्या हाताने झाले. दसऱ्याच्या फटक्याचा हात चित्राचा होता, म्हणून उत्तर तीच देऊ शकते.

सबब अट: चित्राने तोच फटका आधी कुंकू लावलेल्या बॉलने, मग धुतलेल्या बॉलने मारावा. त्यानंतर हवे तर नवे कापड बसवावे. निकाल काय लागला ते गॅरेजमध्ये मोठ्याने सांगावे. मी ऐकेन की नाही, माहीत नाही. मला तिची फार आठवण येते, हेही इथेच लिहून ठेवते.

मृण्मयी म्हणते, "आई, जस्ट कॉल हर!" तिला नणंद-भावजयीचा मान कळत नाही.

४. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला यातून काहीही मिळणार नाही. मिळत असले तरी सहीबरोबर त्याचा हक्क संपेल.

५. (सहीच्या वेळी वाढवलेले कलम.) साक्षीसाठी मी चित्राचे यजमान विश्वासराव यांना बोलावले होते आणि दुसरा साक्षीदार त्यांनीच आणावा असे कळवले होते. त्यांनी चित्राला आणले. तिने कोटही न काढता सगळा कागद वाचला, चौथे कलम दोनदा वाचले आणि पेन मागितले.

"अगं, टेबल जाईल तुझं," मी म्हणाले.

"जाऊ दे. तू गेल्यावर भिंतींना निकाल सांगू? काळा लाव जागेवर."

तिने सही केली. तिसरे कलम रद्द झाले. टेबलही मृण्मयीकडे जावे. चित्रा आता कुंकवाचा करंडा आणायला वर गेली आहे.

सही: मालिनी दिलीप टिपणीस

साक्षीदार:
विश्वास गजानन राजे
चित्रा विश्वास राजे, टेबलावरचा हक्क सोडून

स्थळ: फेल्डहोवन, गॅरेज
दिनांक: १७ मार्च २००७, शनिवार