दुधाकडे बघ

४ सप्टेंबर २००५, रविवार

देवदत्त आला. विमान वेळेवर. सामान एकच, पाठीवरची पिशवी, तीही अर्धी रिकामी. सहा महिने आफ्रिकेत राहून आलेला माणूस निदान मळके कपडे तरी आणतो! हे म्हणाले, "बरं झालं, बेसमेंटमधली जागा वाचली."

एवढा नागपूरला इंजिनिअर झालेला मुलगा. इथे अमेरिकेत येऊन मास्टर्स केलं, मिनियापोलिसात पुलांच्या कंपनीत लागला, आणि ते सगळं टाकून सुदानला गेला. का, ते भाऊजींनाही कळलं नाही आणि ह्यांनाही. आता नोकरी नाही, अपार्टमेंट नाही, म्हणून आमच्याकडे. पुतण्याच आहे, यायचंच.

जेवताना विचारलं, तिथे काम काय होतं तुझं?
"ऑब्झर्व्हर होतो, काकू. गावांवर हल्ले होतात, माणसं मारतात, ते बघायचं आणि वर कळवायचं."
बंदूक देतात?
"नाही. कॅमेरा आणि पेन."
म्हणजे नुसतं बघायचं? आणि त्याचा पगार?
हे म्हणाले, "आमच्या ऑफिसात त्याला मॅनेजर म्हणतात."
हसला. पण भात तसाच.

रात्री त्याच्या आईचा, रत्नावहिनींचा, नागपूरहून फोन. "तुझ्या ओटीत घातलाय गं त्याला. आता कुठे हलू देऊ नकोस." शब्द दिला. देवापुढे निरांजन होतं तेव्हाच दिला, म्हणजे पक्का.

५ सप्टेंबर

आंघोळीला जाताना देवदत्तला म्हटलं, दुधाकडे बघ.

परत येते तो शेगडीभर दूध, खाली फरशीवर दूध, आणि हा हात पाठीमागे बांधून पातेल्यासमोर उभा!
"अरे, बघ म्हटलं होतं ना?"
"बघत होतो, काकू."
खरंच बघत होता. आधी डाव्या काठाने चढलं, मग मधे खळगा पडला, मग एकदम सगळीकडून आलं — सगळं नीट सांगितलं मला. फक्त गॅस बंद केला नाही.

आपल्यात दुधाकडे बघ म्हटलं की गॅस बंद करायचा असतो, हे वेगळं सांगावं लागत नाही कोणाला. आमच्या हिमानीचा जन्म इथला, मराठी धड येत नाही, तिलासुद्धा कळतं.

जमाखर्चात काय लिहावं कळेना. 'दूध सांडले' लिहिलं, मग खोडून 'दूध पाहिले' लिहिलं. हे वाचून हसत बसले. मला काही हसू आलं नाही. गॅलन नवीन होता.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

आरतीला कापूर जरा जास्त झाला. छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. आम्हाला दरवर्षीची सवय आहे. हे एका हाताने घंटा आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राचा वारा, आरती काही थांबत नाही.

देवदत्तने हिमानीला कमरेत उचललं आणि दाराबाहेर. सोळा वर्षांची घोडी! तिला लॉनवर ठेवलं आणि परत आत आला — मला उचलायला. माझ्या हातात मोदकांचं ताट. ते खाली ठेवते म्हटलं तर ठेवू देईना. शेवटी मी, मोदक आणि तो असे तिघं लॉनवर. समोरची कॅरल कुत्रा घेऊन चालली होती. तिने हात हलवला, मीही हलवला. करणार काय?

"मॉम, ही पिक्ड मी अप लाइक अ बॅग ऑफ राइस," हिमानी दिवसभर सांगतेय मैत्रिणींना.

हसलो सगळे. तोही हसला. पण घरातला वास जाईपर्यंत आत आला नाही. जेवण बाहेर पायरीवर नेऊन दिलं. मोदक तूप घालून दोन खाल्ले, तेवढं बरं.

८ सप्टेंबर

आज उदबत्तीसुद्धा लावली नाही. गणपतीला सांगितलं, यंदा फुलांच्या वासावर भागवून घे.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

मंडळाचा कार्यक्रम, शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या टोपलीखाली गणपती. सेक्रेटरी संजयने देवदत्तला बोलायला उभं केलं होतं. आधी बाजूला घेऊन सांगत होता ते मी ऐकलं — "पंधरा मिनिटं घे यार, पण लाइट ठेव. नंतर जेवण आहे. श्रीखंड आहे. ॲनिमल्स वगैरे काही असेल तर टाक मधे."

देवदत्त माइकपुढे गेला. म्हणाला, "मी सहा महिने सुदानमध्ये, दारफूरला होतो."
मग थांबला. सगळे बघतायत त्याच्याकडे, तो सगळ्यांकडे. मागे कोणाचं तरी पोर रडायचं थांबलं. तोंड उघडलं, मिटलं.
म्हणाला, "धन्यवाद," आणि येऊन बसला.

संजयने टाळ्या वाजवल्या. "शॉर्ट अँड स्वीट! पुढच्या वर्षी सगळ्या वक्त्यांनी हाच आदर्श ठेवावा." जेवणाच्या ओळीत उभ्या असलेल्या एका बाईंनी देवदत्तला विचारलं, सिंह दिसले का?

हा गाडीत खिडकीला डोकं लावून होता. ह्यांनी विचारलं तेव्हा कळलं की आठ ऑक्टोबरला शहरातल्या एका चर्चमध्ये दारफूरबद्दल सभा आहे. सरकारातली माणसं ऐकायला येणार आहेत. ह्याने पाहिलेलं ह्यानेच सांगायचं आहे, दुसरं कोणी नाही सांगणारं.
"जमणार नाही काका. तोंड उघडलं की रिपोर्टच बाहेर येतो. अमुक गाव, अमुक घरं. ते त्यांच्याकडे कागदावर आहेच."
"मग नाही म्हणून कळव."
"तेही जमत नाही."

२० सप्टेंबर

मेथी निवडायला बसवलं. रिकामा बसला की खिडकीतून रस्ता बघतो आणि कोणाचा ट्रक किती वाजता आला ते सांगतो. कॅरलच्या नवऱ्याच्या येण्याजाण्याची माहिती आता मला कॅरलपेक्षा जास्त आहे. ती नको आहे मला.

मी आपलं सहज विचारलं, तिथे घरं कशी असतात रे?
"गोल. मातीच्या भिंती, वर गवत."
दरवर्षी शाकारावं लागत असेल.
"हो, लागतं." पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.
खातात काय?
"ज्वारी. घट्ट शिजवतात, गोळा करून खातात."
म्हणजे आपलीच ज्वारी! आणि पाणी?
त्याने मेथी खाली ठेवली. "विहीर होती."

मग बोलला. मी मान वर केली नाही, म्हटलं बघितलं तर थांबेल. सकाळी घोड्यांवरून माणसं आली. गाव पेटवलं. देवदत्त आणि बरोबरची माणसं टेकडीवर. खाली उतरायची परवानगी नाही. "नियम तसा होता काकू. माझ्या हातात कॅमेरा. मी फोटो काढले."

दुसऱ्या दिवशी खाली गेले, तर विहिरीपाशी एक म्हातारी बसलेली. हलीमा नाव. तिने विचारलं, तू शिपाई आहेस का? नाही. डॉक्टर? नाही. मग कशाला आलास? हा म्हणाला, बघायला. ती म्हणाली, मग बघ. विहिरीत बोट दाखवलं. आत तिचे दोन्ही मुलगे होते. आणि इतर बरेच.
"म्हणाली, ह्यांना वर काढ आणि विहीर उपसून दे. मी सांगितलं, ते आमच्या कामात बसत नाही."

ती पुढे छावणीच्या वाटेवरच वारली, असं कळलं त्याला.

मेथीच्या काड्याही भाजीत गेल्या. जेवताना तशीच खाल्ली सगळ्यांनी.

२१ सप्टेंबर

दूध उतू गेलं तेव्हा मी काय काय बोलले त्याला, ते आठवत बसले.

२ ऑक्टोबर

उद्या सर्वपित्री. सासूबाई-सासऱ्यांचं पान दरवर्षी ठेवते. मनात आलं, हलीमाचं करायला मागे कोण उरलं? तिचं आणि विहिरीतल्यांचं एक पान ठेवावं. पण ती मुसलमान. चालतं का?

फोनकार्ड काढून सांगलीला गुरुजींना फोन लावला. सगळं समजावून सांगण्यातच कार्ड गेलं. गुरुजी म्हणाले, "असं बघा वहिनी, शास्त्रात यासंबंधी असं म्हटलंय की —" आणि कार्ड संपलं.

दुसरं कार्ड आणणं म्हणजे चैन. तर्पणात ज्यांना आई नाही, बाप नाही, अशांनाही पाणी देतातच की. चालतं असं धरलं.

३ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. हलीमासाठी ज्वारीचं पीठ घट्ट शिजवून गोळा केला. मंडळाच्या जेवणातल्या प्लेटा धुऊन ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या. बॅकयार्डमध्ये मेपलखाली मांडल्या.

सासूबाईंच्या पानाला कावळा लगेच शिवला. हयातीतही पान वाढल्यावर त्यांनी कधी खोळंबा केला नाही.

हलीमाच्या पानाला कोणी येईना. कावळे मेपलवर बसून बघतायत नुसते. मग तळ्याकडून बदकं आली — ती मोठी, लांब मानेची, कॅनडाची. मी झाडू घेऊन धावले. एक माझ्याच अंगावर आलं! हिमानी डेकवरून, "मॉम, प्लीज, पीपल कॅन सी यू." दिसू दे. हे म्हणाले, "अगं, हंसाच्या जातीचंच ते, चालवून घे." म्हटलं, हंस शिवल्याचं ऐकलंय का कधी? कावळाच लागतो.

देवदत्त दारात उभा होता. काय चाललंय ते विचारलं त्याने. म्हटलं, हलीमाचं पान आहे. तो मेपलवरच्या कावळ्यांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "कावळा का येत नाही?"
"काहीतरी मागणं राहिलं असेल तिचं. जवळच्या माणसाने पुढे होऊन सांगायचं असतं, तुझं अमुक मी पुरं करतो म्हणून. मग शिवतो. पण एक लक्षात ठेव, एकदा शिवला की तो शब्द मोडायचा नाही. देवाला दिलेला मोडला तर देव सांभाळून घेतो. गेलेल्याला दिलेला मोडायचा नाही."
"मोठ्याने सांगायचं?"
"तिला ऐकू जाईल एवढं."

तो अनवाणी गवतात गेला. पानापुढे वाकला. तिकडच्या भाषेत काहीतरी बोलला, चार-सहाच शब्द. मागे सरकला, आणि एक कावळा खाली आला तो थेट ज्वारीच्या गोळ्यावर!

मला धरून रडला. एवढा उंच मुलगा, वाकून रडला. हे आत जाऊन पाणी प्यायले. हिमानी खाली आली आणि बदकांना तिनेच हाकललं.

संध्याकाळी त्याने चर्चवाल्यांना फोन केला, येतो म्हणून. तेव्हा कळलं मला, काय वचन दिलं असेल ते.

८ ऑक्टोबर, शनिवार

चर्च भरलेलं. आम्ही चपला बाहेर काढल्या, बाकी कोणी काढल्या नव्हत्या. मोज्यांवर बसलो.

देवदत्त उभा राहिला. पुन्हा तसाच थांबला. मी मनात स्तोत्र सुरू केलं. मग तो माझ्याकडे बघून बोलायला लागला. सगळे हसले. भरभर इंग्रजी, मला कळेना. हिमानी कानात, "मॉम, ही इज टॉकिंग अबाउट युअर मिल्क."
भर सभेत! शेगडी, फरशी, सगळं सांगितलं असणार. मी पदर सारखा करत बसले.
मग तो म्हणाला, माझ्या काकूंच्या भाषेत 'बघ' म्हणजे काय ते मला माहीत होतं, मी विसरलो होतो. हे मलाही कळलं. त्यापुढे कोणी हसलं नाही. हलीमाचं नाव दोनदा ऐकलं. हिमानीने पुढचं सांगितलं नाही, माझा हात धरून बसली.

सरकारातल्या एक बाई शेवटी उठून त्याच्याकडे आल्या. काय बोलल्या ते माहीत नाही, पण खूप वेळ बोलल्या.

घरी येऊन तीन वेळा भात घेतला त्याने. रत्नावहिनींना कळवलं, मोकळा झाला मुलगा. त्या म्हणाल्या, आता मुली बघायला लागते. म्हटलं, बघा, आणि नुसत्या बघू नका!

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं म्हणून मेपलची पानं वाटली, अगदी पिवळीजर्द. देवदत्तने आज उदबत्ती स्वतः लावली. अदिती म्हणून नागपूरची मुलगी आहे, अमेरिकेतच मॉरिसव्हिलला नोकरी करते. फोटो आलाय. त्याला दाखवेन रविवारी, निवांत.

१६ ऑक्टोबर, रविवार

फोटो दाखवायच्या आधीच म्हणाला, काकू, तिकीट काढलंय. तिकडे दारफूरला विहिरी साफ करणारी एक संस्था आहे, त्यांना इंजिनिअर हवाय.

म्हटलं, अरे, सभेत बोललास ना, वचन पुरं झालं!
"बोलेन असं नव्हतं म्हटलं मी. विहीर उपसून देईन म्हणालो होतो."

आणि कावळा शिवला होता.

रत्नावहिनींना सांगायचं आहे. दूध आधी उतरवून ठेवलं, मग फोनला हात लावला.